घरचा खार

२ फेब्रुवारी, वर्धा

नवी वही. जुनीत चार पानं शिल्लक आहेत, पण तिच्यात नोव्हेंबरातला तो दिवस आहे आणि तो रोज उघडून वाचायची मला वाईट सवय लागली आहे. म्हणून तिला पेटीत टाकलं.

आज तिसऱ्यांदा गुलाबी आलं नाही.

मी काय करतेय हे एकदा स्वतःसाठीच साध्या भाषेत लिहून ठेवते, म्हणजे डोकं थाऱ्यावर राहील. चिंचोका सोलायचा, दळायचा, गरम पाण्यात शिजवायचा आणि त्या चिकट पाण्यात अल्कोहोल ओतायचं. शेवयांसारखे पांढरे धागे वर येतात. ती असते साखरच, पण हजारो कण एकमेकांचा हात धरून उभे असलेली, त्यामुळे गोड लागत नाही. हे धागे शरीरातल्या भक्षक पेशींना जागं करतात, असं माझं म्हणणं आहे. भक्षक पेशी म्हणजे आपले कोतवाल. जंतू दिसला की गिळतात. मी वापरते त्या उंदराच्या, बाटलीत वाढवलेल्या. जाग्या झाल्या की त्या दोन गोष्टी करतात. समोर टाकलेले यीस्टचे दाणे गपागप खातात, आणि असं काही सोडतात की त्यावर एक औषध घातलं की पाणी गुलाबी होतं.

नोव्हेंबरात झालं होतं. असं गुलाबी, की आमच्या प्रयोगशाळेचे लखनभैया म्हणाले, "मॅडम, शरबत है क्या?" डिसेंबरात नागपूरला त्याच निकालाला पहिलं बक्षीस मिळालं. रोहण्याच्या उईक्यांची दामिनी स्टेजवर! फोटोत मी फार हसले आहे.

पहिली खेप मोठीमायच्या डब्यातल्या चिंचोक्यांची होती. (मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू, गंगाबाई. मोठेबाबा गेल्यापासून मोठीमायच आमच्या घराची हायकोर्ट.) ते चिंचोके संपले. मग आर्वीच्या बाजारातून चांगले पोतंभर आणले, पुस्तकात दिल्याप्रमाणे गरम वाळूत भाजून सोलले, बाकी सगळं तसंच केलं. पेशी ढिम्म. जणू मी त्यांच्यापुढे पाणी ओतलं.

२१ एप्रिलला पीएच.डी.ची प्रगती समिती आहे. तोपर्यंत नोव्हेंबरचा निकाल पुन्हा आला नाही, तर बक्षीस परत करायचं आणि विषय सोडायचा. साडेतीन वर्षं गेली. त्याहून वाईट म्हणजे लोक म्हणतील, उईके बाईनं आकडे घरी बसून बनवले.

५ फेब्रुवारी

माझ्या मार्गदर्शकांनी, निंभोरकर सरांनी, बोलावलं. सर ओरडत नाहीत, तेच अवघड आहे.

"दामिनी, पहिला निकाल जंतूंच्या विषाचा असू शकतो," ते म्हणाले. "जिवाणूच्या सालीचा एवढासा कण नळीत गेला तरी पेशी भडकतात. तुला वाटतं चिंचोक्यानं केलं."

"सर, मी हात धुते."

"धुतलेल्या हातांनीही होतं ते." मग विचारलं, "पहिल्या खेपेच्या धाग्यांतलं काही उरलंय?"

"एक नळी आहे."

"ती माझ्याकडे दे."

दिली. त्यांनी ती स्वतःच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवली आणि किल्ली खिशात घातली. त्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे. आमच्या फ्रीजला नाही, वीज गेली की आम्ही बर्फ शोधत फिरतो. मोठ्या माणसांच्या फ्रीजचाही थाट! म्हणजे पुरावा जप्त झाला. इतका अविश्वास असेल असं वाटलं नव्हतं.

निघताना विचारलं, "पहिले चिंचोके सोलले कुणी?"

"मोठीमायनं."

"कसे?"

"हातानं, सर!"

"विचारून बघ," म्हणाले. मी दार जरा जोरातच लावलं.

११ फेब्रुवारी

सहा दिवस विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. आज विचारलं. मोठीमाय फोनवर असं बोलते की फोन नसता तरी वर्ध्यापर्यंत ऐकू आलं असतं.

"मोठीमाय, मले दिवाळीत जे चिचोके देल्ले व्हते, ते कसे सोलले व्हते?"

"सोलाले काय लागते? खाराच्या पान्यात टाकले, दोन रोजानं टरफल आपोआप सुटते."

"खाराच्या पाण्यात? अन् खार किती टाकला व्हता?"

"आता काय मोजून टाकतेत काय माय! दोन मुठी असन."

"कोनता खार?"

"कोनता म्हंजे? घरचाच. इकत कोन आनते खार!"

रेशनचं मीठ म्हणत असेल बिचारी, त्याला ती विकतचं धरत नसेल. प्रयोगाच्या वहीत नोंद केली: साधे घरगुती मीठ, दोन मुठी (अंदाजे शंभर ग्रॅम), दोन दिवस. क्षार म्हणजे मीठ, सातवीतली पोरंही सांगतील.

शेवटी मोठीमायनं विचारलं, "जेवून राह्यली ना बराबर?" मी हो म्हटलं. दुपारी तर्री पोहे खाल्ले होते, ते जेवणात धरले.

२१ फेब्रुवारी

मिठाच्या पाण्यातले चिंचोके. टरफल काही आपोआप सुटेना. मोठीमाय सांगताना नेहमी थोडं वाढवूनच सांगते. चाकूनं सोलले, अंगठ्याला दोन ठिकाणी कापलं.

पेशी ढिम्म.

२ मार्च

काल एकदम सुचलं आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. खारं पाणी! रोहण्यात आमच्या घरामागच्या बोअरचं पाणी खारं आहे, सगळं गाव त्याला खारं पाणीच म्हणतं. मोठीमायनं त्यात भिजवले असणार, वर मीठ टाकलं असणार. अंजूला (चुलतबहीण, मोठीमायची धाकटी) फोन केला. तिनं वीस लिटरची कॅन भरून आर्वी डेपोत कंडक्टरच्या हवाली केली. वर्ध्याच्या स्टँडवर उतरवून घेताना कंडक्टर म्हणाला, "ताई, वर्ध्यात पानी भेटत नाई काय?"

संशोधन चालू आहे असं सांगितलं. त्यानं कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घंटी मारली.

९ मार्च

बोअरचं पाणी झालं. बोअरचं पाणी अधिक मीठ झालं. ढिम्म, ढिम्म.

आज सरांच्या टेबलावर विद्यापीठाच्या नावाचं जाड पाकीट पाहिलं. वर सरांच्या अक्षरात: 'कु. दामिनी उईके हिच्यासंदर्भात'. मला पाहून त्यांनी त्यावर पेपर ठेवला. मला समजायचं ते समजलं. माझ्याआधी तेच हात झटकून मोकळे होणार.

खोलीवर येऊन विषय सोडण्याचा अर्ज लिहिला. अक्षर चांगलं आलं. माझं अक्षर नेहमीच चांगलं येतं, त्याचा आजवर उपयोग काय झाला देव जाणे. अर्ज उशीखाली ठेवला आहे. खूप रडले. हे लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे.

१५ मार्च

गाडी हलतेय. तरी लिहिते.

धुळवडीची सुट्टी संपवून आज गेले ते अर्ज पर्समध्ये घालूनच. सर बाहेर गेले होते. पेशींना दाणापाणी करायचं होतं, म्हणून बसले. लखनभैया डबा खात होते, कानाच्या पाळ्या अजून हिरव्या. त्यांचं घर मुलताईला. मुलगी काजल तिकडे दहावीला आहे, हिंदी माध्यमात, आणि उद्या तिचा विज्ञानाचा पेपर. भैया एका हातानं पोळी मोडत फोनवर तिची उजळणी घेत होते.

"बोल बेटा, अम्ल और क्षार मिला, तो क्या बना?"

फोनमधून पोरगी खणखणीत बोलली, "लवण और पानी!"

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल तर शपथ. "भैया, चुकीचं शिकवून राह्यले तुम्ही पोरीले. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार बनतो. क्षार म्हंजे मीठ."

"नहीं मॅडम. मीठ को तो लवण बोलते."

"अवो भैया, क्षार म्हंजे मीठ! मले सातवीत ह्या वाक्याचे दोन मार्क भेटले व्हते."

"आपके मराठी किताब में होगा," भैया शांतपणे म्हणाले, आणि बोटं पुसून काजलनं पाठवलेला पानाचा फोटो माझ्यापुढे धरला. "देखो, छपा है. क्षार मतलब वो जो हाथ को चिकना लगता. सोडा, चूना. मेरी माँ राख के पानी से कपडे धोती थी, वो भी क्षार."

राखेचं पाणी.

फोटोतली ओळ मी पुन्हा वाचली. क्षार. खार. इकत कोन आनते खार! चुलीत फुकट मिळतो तो विकत कोण आणेल? अकराव्या वर्षापासून मी आश्रमशाळेत आणि वसतिगृहात राहिले, मराठीच्या पुस्तकातली मराठी शिकले, आणि आपल्याच घरातला एक शब्द पुस्तकातून वाचला. मोठीमायनं महिनाभरापूर्वी ओरडून सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि माझ्या सुंदर अक्षरात चुकीचं उतरवलं.

"मॅडम, मेरी बेटी सही थी ना?" भैया विचारत होते.

मी म्हटलं, भैया, तुमची बेटी शंभर टक्के सही आहे. आणि मी बह्याड आहे.

त्यांना पेशींकडे लक्ष ठेवायला सांगून चारची आर्वी गाडी पकडली.

१६ मार्च, रोहणा

मोठीमायला सगळं सांगितलं. ती आधी हसलीच नाही. "मिठात?" तिनं विचारलं. "तू चिचोके मिठात टाकले?" मग कौलावरचे कावळे उडतील अशी हसली. "आवं, मंग मोहरी अन् हयद बी टाकाची, लोनचं तरी झालं असतं!"

अंजू हसून हसून खाली बसली. मीही हसले. महिनाभरानं पहिल्यांदा.

मग मोठीमायनं पदर खोचला आणि मी प्रयोगाची वही काढली. ह्या वेळी एक शब्दही माझा नाही.

चुलीतली राख घेतली, पऱ्हाटीची. कपाशीच्या वाळल्या काड्यांचीच घ्यायची, "कोयशाची नाई, त्याच्यात दम नसते." चाळणीनं चाळली. जुन्या टोपल्याला आतून जुन्या लुगड्याचं धुडकं लावलं, त्यात राख भरली आणि वरून थोडं थोडं पाणी सोडलं. खाली ठेवलेल्या गंजात थेंब थेंब पाणी उतरलं, फिकट चहासारखं. हे खाराचं पाणी.

"झालं हे कसं कळते?" मी विचारलं.

"बोट घाल."

घातलं.

"आता चोळ."

बोटं एकमेकांवरून साबण लावल्यासारखी सटकली. "बुयबुय लागलं का झालं," मोठीमाय म्हणाली. मी पर्समधून तपासायची कागदी पट्टी काढून बुडवली. गर्द निळी झाली. सामू साडेअकरा! बाटलीतलं महागडं रसायन विरघळवून मी आणते तो आकडा तिनं बोट चोळून आणला होता.

चिंचोके त्यात टाकले. तासाभरातच पाणी लालसर व्हायला लागलं, दुपारपर्यंत काथासारखं गडद. मी त्या पाण्याकडे बघत बसले. तो रंग म्हणजे टरफलातला तुरटपणा. वाळूत भाजताना तो बाहेर जात नाही, आत धाग्यांना घट्ट चिकटून बसतो, असं असेल तर?

"मोठीमाय, तू काऊन टाकते खारात? नुसत्या पान्यात काऊन नाई?"

"तुरट लागते ना बाई. पेज केली तं पोरं थुकतेत. तू सगळ्यात जास्त थुकत व्हती."

हे प्रयोगाच्या वहीत लिहिलं नाही. इथे लिहिते.

संध्याकाळी तिनं अर्जाचा कागद पाहिला, पर्स उघडी होती. वाचता येतं तिला, हळूहळू. शेवटपर्यंत वाचून विचारलं, "हे कायले लिवलं?" तिनं कागद घडी करून चुलीत सारला, त्याची चिमूटभर राख झाली आणि ती म्हणाली, "घे, अजून उलीसा खार झाला."

२७ मार्च

गुलाबी!

गुलाबी, गुलाबी, गुलाबी. आधी एका कोपऱ्यात दिसलं, मला वाटलं खिडकीचा उजेड आहे. पंखा बंद केला, पडदा ओढला, चष्मा पुसला. मग सगळ्या ओळीत चढत गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींच्या पोटात यीस्टचे निळे दाणे, एकात चार, एकात सात, एकात मोजताच येईनात. खादाड मेल्या!

लखनभैयांनी फोन लावून काजलला सांगितलं, "बेटा, तेरे क्षार से मॅडम का काम हो गया." काजलनं विचारलं म्हणे, किती मार्काचा होता.

मी भैयांना गोरसपाक बिस्किटांचा पुडा दिला. नको नको म्हणत त्यांनी अर्धा तिथेच संपवला.

२९ मार्च

सरांनी अभिनंदन केलं नाही. पट्टी बघितली, फोटो बघितले, वहीतलं 'साधे घरगुती मीठ' खोडलेलं पान बघितलं. तिथे त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण लगेच जागेवर आला.

"खाडाखोड पुसू नको. हे पान तसंच राहू दे," म्हणाले. "आता नळ्या मी देतो. नावं नाहीत, फक्त आकडे. कुठल्यात काय आहे ते तुला कळणार नाही. प्रत्येकीची अर्धी चाचणी जंतूंचं विष दाबणाऱ्या औषधासकट कर. मुळात अशा खाराच्या पाण्यात ते विष टिकतच नाही, पण आपण गृहीत धरायचं नाही."

माझा चेहरा पडला असावा. अजूनही विश्वास नाही! म्हणाले, "मला तुझी खात्री आहे की नाही, हा प्रश्नच नाही. समितीला असली पाहिजे."

मोठी माणसं असंच म्हणतात.

४ एप्रिल

सहा नळ्या. माझ्या आयुष्यात इतक्या सावकाश मी काहीच केलं नव्हतं. बेचाळीस अंश तापमान, वीज दोनदा गेली. भैयांनी इन्व्हर्टरशी काय मंतर केला माहीत नाही, पण पेशींच्या पेटीचा दिवा विझला नाही.

दुपारी साडेतीनला रंग आला. दोन, तीन आणि सहा गुलाबी. एक, चार, पाच पाण्यासारख्या. विष दाबणारं औषध घातलेल्या अर्ध्या भागातही तेच: दोन, तीन, सहा. म्हणजे जंतूंनी नाही केलं. चिंचोक्यानंच केलं.

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि एकेक वाचली. एक: वाळूत भाजलेले. दोन: गंगाबाईंचा खार. तीन: बाटलीतलं पोटॅशियम कार्बोनेट, तेवढ्याच जोराचं. चार: मीठ. पाच: बोअरचं पाणी.

"आणि सहा?" मी विचारलं.

"नोव्हेंबर," सर म्हणाले.

माझी जप्त झालेली नळी! फेब्रुवारीपासून ती त्यांच्या फ्रीजमध्ये एकदाही वितळली नव्हती. आमच्या फ्रीजमध्ये असती तर परवाच्या वीज जाण्यात तिचा निकाल लागला असता. बरं झालं घेऊन ठेवली. योगायोग असतात माणसाच्या नशिबात.

लोहाचा थेंब टाकून तुरटपणाही तपासला. भाजलेल्यांचे धागे काळे-निळे झाले, खारातले पांढरेच राहिले. म्हणजे माझा रोहण्याचा तर्क बरोबर. तुरटपणा धाग्याला चिकटलेला असला की पेशी त्याला तोंडच लावत नाहीत. खारानं तो सुटला की खातात आणि जाग्या होतात. एवढी साधी गोष्ट. आणि मोठीमायचा खार बाटलीतल्या रसायनापेक्षा उलीसा सरसच निघाला. का, ते मला अजून माहीत नाही. माहीत करून घेईन.

२१ एप्रिल

समिती झाली.

बाहेरून आलेल्या बाई कडक होत्या. पाऊण तास प्रश्न. मग चष्मा काढून विचारलं, "राखेच्या पाण्याची ही पद्धत कुठून घेतली? संदर्भ दिसत नाही."

"गंगाबाई उईके, रोहणा, तालुका आर्वी," मी म्हटलं.

"प्रकाशित कुठे आहे?"

"नाही मॅडम. तोंडी आहे. आणि मी तो आधी चुकीचा उतरवला होता." असं म्हणून मी ते खोडलेलं पान पडद्यावर लावलं. साधे घरगुती मीठ, दोन मुठी. सगळ्यांनी वाचलं. मी क्षाराची सगळी गोष्ट सांगितली, मुलताईच्या काजलसकट. कडक बाई हसल्या. हसणं थांबेना तेव्हा त्यांनी पाणी मागवलं.

"मग हे माणसांना औषध म्हणून द्यायचं का?" एका सरांनी विचारलं.

"नाही सर. हे बाटलीतल्या उंदराच्या पेशींत झालं आहे. माणसात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी बोलणार नाही."

मंजूर! वर शेरा: उत्तम. अध्यक्षांनी फाईल मिटताना वरचा कागद उचलून निंभोरकर सरांकडे पाहिलं. "सर, तुमच्या ह्या पत्राची आता गरज उरली नाही."

मी बाजूलाच उभी होते. तारीख ८ मार्च. खाली सरांची सही. मधलं एकच वाक्य वाचता आलं: 'ह्या विद्यार्थिनीने आकडे बनवलेले नाहीत, निकाल पुन्हा न आल्यास त्याची जबाबदारी मार्गदर्शक म्हणून माझी राहील.'

८ मार्च. त्या वेळी ना गुलाबी होतं, ना खार होता. आणि मी ९ तारखेला ह्याच वहीत काय लिहून ठेवलं आहे! ते पान फाडावंसं वाटलं. पण खाडाखोड पुसायची नाही असं त्यांनीच सांगितलं आहे.

बाहेर येऊन सरांच्या पाया पडले. ते म्हणाले, "अगं ऊन आहे, आत हो." ५ फेब्रुवारीला दार जोरात लावलं होतं, त्याचीही माफी मागितली. त्यांच्या लक्षातही नव्हतं. किंवा तसं म्हणाले.

३० एप्रिल

आजचं जुन्या वहीत लिहितेय. चार पानं उरली होती ना.

मोठीमाय आली. अंजूबरोबर, पहिल्या गाडीनं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. लखनभैयांनी तिच्यासाठी सरांच्या खोलीतली खुर्ची आणून ठेवली. सर स्वतः दाराशी उभे राहून म्हणाले, "या गंगाबाई." मोठीमायनं नमस्कार केला आणि आधी सगळी प्रयोगशाळा नजरेखालून घातली. "झाडू कोन मारते?" भैया पुढे झाले. "बराबर मारता," ती म्हणाली. भैयांना पुरस्कार मिळाल्यासारखं झालं.

तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला आणि काचेला लावला.

"दिसून राह्यलं का?"

"दिसते. गोल गोल हाये. अन् पोटात निळं निळं."

"ते दाणे हाये. तुह्या खारातले चिचोके देल्ले, तं जाग्या झाल्या अन् खाऊन राह्यल्या."

"पोट भरलं यायचं," मोठीमाय म्हणाली, अगदी पंगत वाढल्यासारखी. मग मी दुसरी काच ठेवली, भाजलेल्या चिंचोक्यांची. तिनं पाहिलं, आणि डोळा न काढता विचारलं, "हे उपाशी काऊन?"

"त्याईले तुरट देल्लं व्हतं."

"मंग थुकलं असन," ती म्हणाली. "पोरं थुकतेत, हे बी थुकले. त्यात काय एवढं!"

सर माझ्याकडे पाहत होते, मी सरांकडे. साडेतीन वर्षं, सहा नळ्या, पंचेचाळीस पानांचा अहवाल. तिनं एका शब्दात सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

मग सरांनी शोधनिबंधाचा मसुदा पुढे ठेवला. वर तीन नावं: दामिनी उईके, गंगाबाई उईके, आणि शेवटी प्रभाकर निंभोरकर. निबंध इंग्रजीत आहे. मी तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. मोठीमायनं त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं, दोनदा. डोळे भरले होते तिचे. माझे तर वाहतच होते.

"अन् आत काय लिवलं? वाचून दाखव."

मी तिच्या पद्धतीचा परिच्छेद तिच्या बोलीत करून वाचला. पऱ्हाटीची राख, चाळणी, टोपलं, धुडकं, गंज. बोट बुळबुळेपर्यंत. ती प्रत्येक पायरीला मान हलवत होती. संपल्यावर जरा संशयानं तिनं कागदाकडे पाहिलं.

"मीठ तं नाई ना लिवलं कुठी?"

"नाई मोठीमाय. खार लिवला. घरचा."

"मंग कर सही," हायकोर्ट म्हणालं, आणि पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे सारला. झाकण उघडलं. सोललेले, पांढरेशुभ्र चिंचोके, काठोकाठ.

"अर्धे तुले," ती म्हणाली, आणि सूक्ष्मदर्शकाकडे मान केली. "अन् अर्धे त्या लेकराईले."